छातीत धडधड, डोक्यात काळजी : सोलापुरात राहून रोज काय करायचं

रात्री दोनला जाग येते. छाती धडधडत असते आणि कर्जाचा हप्ता, पोराची नोकरी, सासऱ्यांचं बीपी असं सगळं डोक्यात एकदम सुरू होतं. सकाळी उठल्यावर त्यातलं निम्मं आठवतही नाही, पण अंग मोडून आलेलं असतं. असं वरचेवर होत असेल तर हे तुमच्यासाठी लिहिलंय. मी इथं एका सुताच्या पेढीवर हिशेब बघते. हा त्रास मी काही वर्षं काढलाय आणि अजूनही मार्चअखेर जवळ आली की तो दारात येऊन उभा राहतो. फरक इतकाच की आता त्याला काय द्यायचं ते ठाऊक आहे.

‘टेन्शन घेऊ नका वो’ हा सल्ला गल्लीत फुकट मिळतो. टेन्शन न घ्यायचं म्हणजे नक्की काय करायचं, ते कुणी सांगत नाही. माझ्या मते मनाला समजावत बसण्यात फार वेळ घालवू नये. आधी शरीर हाताशी धरायचं : श्वास, पोट, पाय, झोप. मन मागून येतं, आणि उशिराच येतं. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबानं लावलाय.

सुरू करण्याआधी

छातीत दाब, डाव्या हाताकडं किंवा जबड्याकडं जाणारी कळ, थंड घाम, धाप असं काही असेल तर ते काळजीमुळंच आहे असं घरी बसून ठरवू नका. 108 ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. धडधड नवी असेल तरी एकदा डॉक्टरला दाखवाच. थायरॉइड वाढलेलं असलं, रक्त कमी असलं, साखर उतरली तरी अगदी अशीच धडधड आणि थरथर होते. दम्याच्या काही पंपांनीही होते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि डॉक्टर म्हणाले तर ईसीजी, एवढं झालं की डोक्यातली निम्मी शंका जाते.

जीव नकोसा वाटतोय, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय, अशी अवस्था असेल तर हा लेख बाजूला ठेवा. जवळच्या माणसाला आत्ता सांगा आणि 14416 ला फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आणि चोवीस तास.

काय काय लागेल

- दोनशे पानी साधी वही आणि पेन. मोबाइलमध्ये लिहू नका. लिहायला मोबाइल घेतला की बातम्या आणि व्हॉट्सअॅप आलंच.
- गजराचं घड्याळ, म्हणजे फोन उशाशी ठेवायचं कारण उरत नाही.
- पायात नीट बसणारे बूट, पाण्याची बाटली, डोक्याला टोपी किंवा ओढणी.
- जमिनीवर अंथरायला चादर. ती सोलापुरात सांगून आणावी लागत नाही.

एवढंच. महागडा चहा, सुगंधी तेलं, घड्याळासारखं मनगटाला बांधायचं यंत्र, यातलं काहीही नको. त्या यंत्राबद्दल तर मुद्दाम सांगते : दर पाच मिनिटाला ठोके मोजणाऱ्या माणसाचे ठोके वाढतातच.

1. आठवडाभर फक्त नोंद ठेवा

काही सुधारायला जाऊ नका, नुसतं लिहा. किती वाजता झालं, अंगात काय झालं, त्याआधी काय खाल्लं-प्यालं, आदल्या रात्री झोप किती, आणि त्रास शून्य ते दहामध्ये किती. एका वेळची एक ओळ. निबंध लिहायला लागलात तर तीही एक काळजीच होऊन बसते.

आठवड्यानं वही चाळली की काही गोष्टी वर येतात. कुणाचा त्रास रविवारी संध्याकाळी वाढतो, कुणाचा उपाशीपोटी तिसऱ्या चहानंतर. आपल्याकडं आणखी एक कारण सापडतं, ते बाहेरगावच्या पुस्तकात नसतं : पाण्याचा दिवस. नळाला काही दिवसांआड पाणी, तेही कधी रात्री-बेरात्री. त्या रात्री झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी माणूस विनाकारण घाबराघुबरा होतो. कारण विनाकारण नव्हतं, हे वहीत दिसतं.

2. श्वास : आत कमी, बाहेर जास्त

या पायरीवर जरा थांबा, कारण इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

घाबरलेल्या माणसाला लोक म्हणतात, ‘खोल श्वास घे.’ तो बिचारा तोंडानं भराभर मोठे श्वास ओढतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि त्याला वाटतं की आता गेलोच. प्रत्यक्षात हवा कमी पडलेली नसते, जास्त झालेली असते.

करायचं ते असं. पाठ टेकून बसा. एक हात बेंबीवर ठेवा. नाकानं चार अंक मोजत हळू श्वास घ्या. पोटावरचा हात वर आला पाहिजे, खांदे नाही. मग सहा अंक मोजत सोडा. श्वास सोडताना हृदयाचा वेग आपोआप थोडा उतरतो, म्हणून सोडणं लांबवायचं. चार-सहा जमत नसेल तर तीन-पाच करा. पाच मिनिटं सकाळी, पाच रात्री.

सराव बरं वाटत असतानाच करायचा. त्रास सुरू झाल्यावर पहिल्यांदा करून बघाल तर जमणार नाही, आणि ‘आपल्याला याचा उपयोग नाही’ म्हणून सोडून द्याल.

प्राणायाम करणाऱ्यांसाठी : अनुलोम-विलोम आणि भ्रामरी चांगलं. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र घाबरण्याचा त्रास असलेल्यांनी सुरुवातीला लांबच ठेवावेत. भराभर श्वासानं तीच मुंग्या-चक्कर येते. बीपी, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर श्वास रोखून धरायचा नाही. तोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना उपाय अजून काही जण सांगतात. तो करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर त्यानं धोका होतो.

अचानक जोराचा झटका आला, मरतो की काय असं वाटलं, तर एवढं लक्षात ठेवा : असा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो. तोवर समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्या, चार वस्तूंना हात लावा, तीन आवाज ऐका. पेढीवर मी सुताच्या कोनांचे, म्हणजे सूत गुंडाळलेल्या शंकूंचे, रंग मोजते. शेजारच्याला काही कळतही नाही.

3. चहा, तंबाखू, पोट

चहा पूर्ण सोडा म्हणत नाही; सोलापुरात तसं सांगणाऱ्याचं कोण ऐकणार. पण हिशेब बघा. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री दहाला अंगातच असतं. म्हणून शेवटचा चहा दुपारी दोनच्या आत. रोज सहा-सात कप होत असतील तर दर तीन-चार दिवसांनी एकेक कमी करा. एकदम बंद केला तर डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि ‘बघा, चहाशिवाय टेन्शन वाढलं’ असा उलटा निष्कर्ष निघतो.

तंबाखू, मावा, मिश्री, सिगारेट यांचं गणित जास्त फसवं आहे. निकोटिननं ठोके वाढतात. तरी बरं का वाटतं? कारण मागच्या वेळचं उतरल्यामुळं जी बेचैनी आली होती ती थोडा वेळ मिटते. सोडायची असेल तर 1800-112-356 हा फुकट क्रमांक आहे. दारूचंही तसंच : पटकन झोप लागते, आणि पहाटे तीनला डोळे टक्क उघडे.

पोट रिकामं ठेवू नका. सकाळी चहा-बिस्किटावर निघायचं आणि दोनला जेवायचं, ही आपल्याकडची सर्रास रीत. मधे अकराला काहीतरी पोटात घाला. डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही असलं तरी पुरे; कडक भाकरीला उन्हाळ्यातही काही होत नाही. उपवासाच्या दिवशी नुसत्या चहावर राहणाऱ्यांनी आपली वही नीट बघावी.

4. रोज अर्धा तास चाला, पण वेळ बघून

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. ‘मध्यम’ म्हणजे चालताना बोलता येईल, गाणं म्हणता येणार नाही, इतपत.

सोलापुरात प्रश्न पायांचा नाही, उन्हाचा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो. तेव्हा सकाळी साताच्या आत परत यायचं, नाहीतर दिवे लागल्यावर निघायचं. उन्हात घाम, धडधड, चक्कर आली तर ते ऊन की काळजी हे ओळखता येत नाही, आणि घाबरलेलं डोकं वाईट तेच धरतं. पाणी पिऊन निघा.

जागा भरपूर आहेत. सिद्धेश्वर तलावाकाठी, भुईकोट किल्ल्याच्या बाजूची बाग, विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव. मला तलावाकाठचं चालणं आवडतं, कारण तिथं सकाळी कुणाला घाई नसते. घरापासून लांब पडत असेल तर जवळची शाळा, मैदान, तेही नसेल तर गच्ची. बायकांनी अंधारात एकटं जाण्यापेक्षा शेजारणीला सोबत घ्यावं. सोबत असली की दांडीही कमी पडते.

कानात काही घालू नका. फोनवर पावलं मोजू नका. दहा हजार झाली नाहीत म्हणून हुरहुर लावून घेणारी माणसं मी पाहिलीत.

5. बसल्या जागी अंग सैल करा

माग, शिलाईयंत्र, विड्या वळणं, संगणक : आपल्या शहरातली कितीतरी कामं मान खाली घालून तासन्‌तास करायची. खांदे कानाला लागलेले असतात आणि ते कळतही नाही. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं गेल्या शतकात यावर एक साधी रीत काढली. एकेक स्नायू मुद्दाम आवळायचा आणि मग सोडायचा, म्हणजे सैल म्हणजे काय हे शरीराला समजतं.

मुठी पाच सेकंद आवळा, मग पंधरा सेकंद सोडा. खांदे कानापर्यंत उचला, सोडा. डोळे-कपाळ आवळा, सोडा. पोट, मांड्या, पायाची बोटं. रात्री चादरीवर पडून पूर्ण करा. कामावर नुसत्या मुठी आणि खांदे पुरे. जिथं दुखणं किंवा जुनी इजा आहे तो भाग सोडून द्या.

6. काळजीला वेळ ठरवून द्या

ऐकायला विचित्र वाटेल, पण ही पायरी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. रोज संध्याकाळी वीस मिनिटं, एक ठरलेली खुर्ची आणि वही. दिवसभरात काळजी आली की फक्त एक शब्द लिहायचा, ‘हप्ता’, ‘गुडघा’, ‘पुणे’, आणि म्हणायचं, ‘साडेसहाला बघू.’ साडेसहाला खरंच बसायचं. काळजीला दिलेला शब्द मोडला तर ती पुढच्या वेळी ऐकत नाही.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडं माझ्या हातात असलेलं, उजवीकडं नसलेलं. समजा मुलगा नोकरीला पुण्याला गेलाय आणि तीन दिवस फोन नाही. ‘त्याचं तिथं कसं होईल’ हे उजवीकडं. ‘रविवारी सकाळी दहाला फोन करायचं त्याच्याशी ठरवणं’ हे डावीकडं. डाव्या बाजूच्या प्रत्येक ओळीपुढं एक छोटं काम आणि वार लिहा. ‘कर्ज फेडणे’ हे काम नव्हे. ‘गुरुवारी बँकेत जाऊन किती बाकी आहे ते विचारणे’ हे काम. उजव्या बाजूला काही करायचं नसतं, ती तिथं असू द्यायची.

हे अंथरुणात करू नका आणि जेवणानंतर फार उशिरा करू नका. नाहीतर तुम्ही रात्रीच्या जागरणाला फक्त वही जोडून दिली असं होईल.

7. झोप

उठायची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते.

वीसेक मिनिटं झोप आली नाही तर तळमळत पडू नका. उठा, मंद उजेडात बसा, कंटाळवाणं काहीतरी करा. माझ्यापुरतं कपड्यांच्या घड्या. डोळे जड झाले की परत जा. घड्याळाकडं बघायचं नाही. त्याचं तोंड भिंतीकडं करून ठेवा. झोपण्याआधी तासभर फोन दुसऱ्या खोलीत.

पाण्याच्या रात्री घरात पाळी लावा. दर वेळी घरातल्या एकाच बाईनं उठायचं, हा रिवाज मोडायला हरकत नाही. आणि दुपारची झोप उन्हाळ्यात सुटत नसेल तर गजर लावून वीस-तीस मिनिटं. दोन तास काढले की रात्र गेलीच.

8. जे टाळताय त्याकडं हळूहळू जा

गर्दीत घाबरायला होतं म्हणून माणूस आधी बाजार टाळतो, मग लग्नं, मग बस. टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच भीती टिकते; कारण गेलो असतो तरी काही झालं नसतं, हे कळायची संधीच जाते.

वहीत पायऱ्या लिहा, सोप्यापासून अवघडापर्यंत. गर्दीची भीती असेल तर अशा : मंगळवारी सकाळी अकराला नवी पेठेत सोबतीनं दहा मिनिटं. मग एकट्यानं. मग संध्याकाळी. मग दिवाळीआधीच्या रविवारी. सगळ्यात वरची पायरी जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, होम मैदान, पाळणे आणि खांद्याला खांदा. एकेक पायरी भीती शून्य ते दहामध्ये निम्म्यावर येईपर्यंत पुन्हा पुन्हा करायची, मगच वरची. तिथं गेल्यावर धडधड होणारच. ती उतरेपर्यंत थांबायचं आणि मग निघायचं. चढत असताना पळून यायचं नाही. पहिल्याच वर्षी थेट त्या यात्रेतल्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीत घुसू नका, तसा हट्ट बहुधा उलटतो.

9. घरात कसं सांगायचं

‘मला डिप्रेशन-बिप्रेशन आहे’ असं जेवताना एकदम सांगितलं की घर घाबरतं किंवा हसण्यावारी नेतं. एकाच माणसाला निवडा, शांत वेळी. ‘मला अधूनमधून खूप घाबरायला होतं. डॉक्टरला दाखवलंय. अशा वेळी सल्ला नको, दहा मिनिटं नुसतं जवळ बस,’ एवढं पुरतं. काय हवंय ते स्पष्ट सांगितलं की समोरच्यालाही बरं पडतं.

बोलायची भाषा घरातलीच ठेवा. आपल्याकडं कितीतरी घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात, आणि धडधड सुरू असताना शब्द त्याच भाषेत सुचतात. टेलिमानसवर मराठीसोबत याही भाषांत बोलता येतं. भजनी मंडळ, देवळात जाऊन बसणं, नमाज, जे रोजचं आहे ते चालू ठेवा. चार माणसांत ठरल्या वेळी बसणं हे स्वतःच औषधासारखं आहे. पण ‘श्रद्धा कमी पडली म्हणून त्रास होतो’ असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. आणि उतारा, गंडा-दोरा यांवर पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.

10. ‘नैसर्गिक’ म्हणून काहीही घेऊ नका

अश्वगंधा आजकाल प्रत्येक दुकानात दिसते. काहींना तिनं थोडं बरं वाटतं, पण ती निरुपद्रवी नाही. थायरॉइडच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांच्याशी तिचं जमत नाही, गरोदरपणात घ्यायची नाही, आणि काही जणांच्या यकृताला तिनं इजा झाल्याच्या नोंदी आहेत. घ्यायचीच तर डॉक्टरला किंवा शिकलेल्या वैद्याला विचारून.

त्याहून मोठा सापळा म्हणजे ओळखीच्याकडून किंवा चिठ्ठीशिवाय आणलेली ‘झोपेची अर्धी गोळी’. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, आणि एकदम बंद केल्या की घबराट दुपटीनं येते, कधी फिटही येऊ शकते. आधीपासून घेत असाल तर स्वतःहून थांबवू नका. डॉक्टर हळूहळू कमी करून देतात. मानसोपचारतज्ज्ञानं दिलेल्या इतर गोळ्यांनाही हेच लागू. वरच्या सगळ्या पायऱ्या गोळ्यांसोबत करता येतात.

11. डॉक्टरकडं कधी, आणि काय घेऊन

दोन-तीन आठवडे नीट करूनही झोप, जेवण किंवा काम बिघडतच असेल, टाळाटाळ वाढत असेल, दारूचा आधार लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडं जा. सोलापुरात खासगी दवाखाने आहेत, आणि सरकारी रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभाग आहे. ‘वेड्यांचा डॉक्टर’ म्हणणारे म्हणू देत. तिथल्या रांगेत बघाल तर शिक्षक, कामगार, आजी, कॉलेजची पोरं, सगळे दिसतील.

सोबत घ्यायचं :

- आधार कार्ड आणि असेल तर रेशन कार्ड.
- जुन्या चिठ्ठ्या आणि रक्ताचे रिपोर्ट, तारखेप्रमाणं लावून.
- चालू गोळ्यांची पाकिटं. बीपी, साखर, आयुर्वेदिक, सगळी.
- तुमची वही.
- शक्य असेल तर घरातलं एक माणूस.

केसपेपरची रांग सकाळी लवकर लागते, म्हणून खिडकी उघडण्याआधी पोहोचा. पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी जवळ ठेवा, कारण नंबर यायला दुपार होऊ शकते.

आत गेल्यावर वेळ कमी मिळतो. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर तीन गोष्टी आधीच लिहून न्या : कधीपासून होतंय, सगळ्यात जास्त अडचण कशाची, आणि काय काय करून बघितलं. दारू-तंबाखूचं खरं सांगा, लपवलं तर गोळीची मात्रा चुकू शकते. गोळी दिली तर चार प्रश्न विचारा : कशासाठी, किती दिवस, सुरुवातीला काय त्रास होऊ शकतो, आणि विसरली तर काय करायचं. बोलून करायचा उपचार, म्हणजे समुपदेशन, मिळेल का तेही विचारा. उत्तरं तिथंच वहीत उतरवून घ्या आणि केसपेपर जपून ठेवा, पुढच्या वेळी तोच लागतो.